बिनपाकाचा खाऊ आणि गुळाबद्दलचा गैरसमज

मुलांना गोळ्या-चॉकलेटे देऊ नका, असे बजावणारा लेख वर्षातून एकदा तरी प्रत्येक वर्तमानपत्रात येतो. पालक तो वाचतात, मान डोलावतात आणि संध्याकाळी बाजारातून येताना पिशवीत चार गोळ्या घेऊनच येतात. यात पालकांचा फार दोष आहे असे मला वाटत नाही. मूल दाराशी वाट पाहत असते, 'काय आणलं?' म्हणून पिशवीत हात घालते आणि अशा वेळी रिकाम्या हाताने घरात शिरणे कोणालाच जमत नाही. शिवाय आजी-आजोबा आहेत, मामा-मावशी आहेत, वाढदिवसाला वर्गात वाटल्या जाणाऱ्या गोळ्या आहेत. 'गोड बंद करा' हा सल्ला या सगळ्यापुढे टिकत नाही.

म्हणून आज मी वेगळे सुचवणार आहे. मुलांचा गोड खाऊ बंद करू नका. तो घरात करा, पाक न करता, शक्यतो मुलांच्याच हातून करून घ्या. मात्र एकदा केला की 'घरचा आहे, गुळाचा आहे' म्हणून डबा मुलांपुढे मोकळा सोडू नका. यातली पहिली गोष्ट बहुतेकांना लगेच पटते. दुसरी पटत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधी बाजारातल्या गोळीविषयी. महाराष्ट्रात दोन-तीन पिढ्यांचे बालपण गोळीच्या बरणीशी जोडलेले आहे. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखाना उभारला आणि पुढे १९४२ पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. लिमलेटची गोळी, पेपरमिंट, जत्रेतल्या रेवड्या, पाडव्याच्या साखरगाठी, संक्रांतीचा हलवा ही सगळी एकाच घरातली भावंडे. साखर, रंग, वास. नामवंत कारखान्याच्या वेष्टनातल्या गोळीत विष असते असे मी म्हणणार नाही. त्यात वापरायच्या कृत्रिम रंगांवर कायद्याने बंधन आहे आणि मोजकेच आठ रंग आपल्याकडे मान्य आहेत. भीती आहे ती बिनवेष्टनाच्या, भडक रंगाच्या, जत्रेत आणि शाळेच्या फाटकाबाहेर विकल्या जाणाऱ्या मालाची. २०२४ च्या फेब्रुवारीत पुद्दुचेरी आणि तमिळनाडूत, जिला आपण 'म्हातारीचे केस' म्हणतो त्या गुलाबी साखरमिठाईत ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा रंग सापडला आणि तिच्यावर बंदी आली. पुढच्याच महिन्यात कर्नाटकानेही असा रंग घातलेल्या मिठाईवर बंदी घातली. हा रंग खाद्यपदार्थांत वापरण्यास आपल्या देशात मुळीच परवानगी नाही. स्वस्त पडतो आणि लालभडक दिसतो एवढ्यासाठी तो वापरला जातो. बोटाला, जिभेला तासन्‌तास गुलाबी डाग राहिला तर त्या विक्रेत्याकडे पुन्हा जाऊ नये, इतके तरी आईबापांना करता येते.

आणि हेच सूत्र घरालाही लागू आहे. घरच्या वड्यांना 'खाण्याचा रंग' म्हणून बाजारातली पूड घालण्याची चाल वाढली आहे. मान्य रंगांचीही मर्यादा फार थोडी, किलोभर पदार्थाला साधारण एक दशांश ग्रॅम, इतकीच असते. आपल्या चिमटीला ते माप कळणे शक्य नाही. खोबऱ्याची वडी पांढरी दिसली तर काय बिघडते?

पाक का नको

घरी खाऊ करायचा म्हटले की बहुतेकींच्या डोळ्यांपुढे चिक्की येते. चिक्की चांगली; पण ती मुलांसोबत करण्याचा पदार्थ नाही. कडक पाक १४५ ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. उकळते पाणी शंभर अंशांवर असते आणि अंगावर पडले तरी ओघळून जाते. पाक ओघळत नाही, तो कातडीला चिकटून बसतो आणि आतपर्यंत भाजत राहतो. पाकाने भाजलेला लहान मुलाचा हात ज्याने पाहिला आहे, तो पुन्हा मुलाला कढईजवळ उभे करणार नाही. असे कधी झालेच तर भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा आणि डॉक्टरांकडे जावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, काहीही लावू नये.

बिनपाकाच्या खाऊत हा धोका नाही. विस्तव लागतो तो दाणे किंवा तीळ भाजण्यापुरता, आणि ते काम मोठ्या माणसाने आधी उरकून ठेवावे. भडभुंज्याकडचे भाजलेले दाणे, डाळे किंवा फुटाणे आणले तर तेवढाही विस्तव नको. मग परातीभोवती मुले बसवता येतात.

सर्वांत सोपा प्रकार दाण्याच्या कुटाचा. पाव किलो शेंगदाणे खरपूस भाजून, सोलून, पाखडून घ्यावेत. खलबत्त्यात कुटावेत किंवा मिक्सरमध्ये थांबत थांबत जाडसर फिरवावेत. सलग फिरवले की लगदा होतो. त्यात सव्वाशे ग्रॅम किसलेला गूळ आणि वेलदोड्याची पूड घालून पुन्हा दोन फेरे द्यावेत. दाण्याचे तेल सुटते, त्यात गूळ मुरतो आणि मूठ वळली की मिश्रण एकत्र राहते. तूप लागत नाही, पाण्याचा तर थेंबही नको. पाणी लागले की लाडू दोन दिवसांत बुरसटतात. गूळ साधा, मऊ घ्यावा. 'चिक्कीचा गूळ' म्हणून मिळतो तो पाकासाठी असतो, या लाडवात तो चिवटपणा आणतो. एवढ्या मिश्रणाचे मोठ्या सुपारीएवढे तीसेक लाडू होतात. हे माप लक्षात ठेवा, पुढे त्याचा हिशेब करायचा आहे.

याच रीतीने तीळ आणि दाण्याचा कूट निम्मा-निम्मा घेता येतो. डाळ्याचे पीठ, किसलेला गूळ आणि चमचाभर तूप यांचेही लाडू वळतात. विदर्भात गूळ-फुटाणे, कोकणात गूळ-खोबरे नुसतेच हातावर ठेवण्याची पद्धत होती. त्याला तर वळण्याचीही गरज नाही. आणि माझा स्वतःचा आवडता, ज्याला आता लोक पाहुण्यांपुढे ठेवायला लाजतात, तो शिळ्या पोळीचा लाडू. पोळ्या हाताने कुस्करून, गूळ घालून, कोमट तुपाच्या हाताने वळलेला. बाजरीच्या भाकरीचा मलिदा हा त्याचाच थोरला भाऊ. यात धान्य आहे, गूळ थोडा पुरतो आणि उरलेल्या पोळीचेही सार्थक होते.

एक सावधगिरी पाकाच्या गुळाला लागत नाही, पण इथे लागते. पाक करताना गूळ विरघळतो, गाळता येतो, उकळतो. बिनपाकात तो जसा आहे तसाच पोटात जातो. म्हणून ढेपेचा वरचा थर सुरीने तासून टाकावा, पोत्याचे धागे, मुंग्या, खडे पाहून घ्यावेत आणि मगच किसावा. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांवर हायड्रोसची पूड वापरतात. भेंडीचा चिकट रस घालून मळी काढण्याची जुनी पद्धत आहे, त्या गुळाला इतका उजळ रंग येत नाही. गडद गूळ म्हणजे शुद्धच असे नव्हे, पण नुसत्या सोनेरी रंगावर भाळून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. हात धुणे, नखे कापणे हे सांगायला नको. मुले वळणार म्हटल्यावर मात्र सांगावे लागते.

दाण्यांच्या बाबतीत याहून अधिक कडक राहावे. काळे पडलेले, सुरकुतलेले, हिरवट बुरशीचे, चवीला कडू दाणे फेकून द्यावेत. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्या कारण न कळता मेल्या. शोध घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतल्या बुरशीचे विष सापडले. तेच अफ्लाटॉक्सिन. यकृतावर घाला घालणारे आणि यकृताच्या कर्करोगाला कारण होणारे हे विष भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही. किराणा दुकानात तळाशी उरलेला, स्वस्तात मिळणारा दाणा लाडवाला 'चालतो' अशी समजूत आहे. कुटात तो दिसत नाही म्हणूनच तो तिथे खपतो. लाडवासाठी तरी दाणा निवडूनच घ्यावा.

गूळ औषध नव्हे

आता हिशेब. वर सांगितलेल्या मापाच्या एका लाडवात साधारण ८ ग्रॅम दाणे आणि ४ ग्रॅम गूळ येतो. त्यातून सुमारे ६० कॅलरी आणि २ ग्रॅम प्रथिने मिळतात. बाजारातल्या एका मध्यम आकाराच्या गोळीतही जवळपास ४ ग्रॅमच साखर असते. म्हणजे गोडाच्या बाबतीत लाडू आणि गोळी सारखेच! फरक आहे तो बाकीच्या आठ ग्रॅमचा. गोळीत ते आठ ग्रॅम नाहीतच. दोन लाडू खाल्ल्यावर मुलाच्या पोटात ४ ग्रॅम प्रथिने, थोडी चांगली स्निग्धता आणि थोडा तंतूचा भाग जातो, भूक काही वेळ भागते. दोन गोळ्या खाल्ल्यावर भूक तशीच राहते आणि हात पुन्हा बरणीकडे जातो. घरच्या खाऊचा फायदा हा एवढा आहे. हा फायदा थोडाथोडका नाही, पण तो दाण्यांचा आहे, गुळाचा नाही.

हे लिहिताना काही वाचक नाराज होणार याची मला कल्पना आहे. गूळ म्हणजे लोह, गूळ म्हणजे रक्त, साखर म्हणजे पांढरे विष अशी आपली पक्की धारणा आहे. गुळात साखरेपेक्षा खनिजे अधिक असतात हे खरे. परंतु शंभर ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी असतात, शंभर ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास. गुळातला मुख्य भाग साखरच आहे. त्यातले लोह किती, हे गूळ कुठल्या जमिनीतल्या उसाचा आणि कोणत्या काहिलीत केलेला यावर खूप बदलते. अगदी उदार होऊन शंभर ग्रॅमला १० मिलिग्रॅम धरले तरी दोन लाडवांतल्या ८ ग्रॅम गुळातून एक मिलिग्रॅमसुद्धा लोह मिळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. ते गुळातून मिळवायचे ठरवले तर रोज दीडशे ग्रॅम किंवा त्याहून जास्त गूळ खावा लागेल. असे करणाऱ्या मुलाला रक्त येईल की नाही ते सांगता येत नाही, पण त्याचे दात जातील हे नक्की.

हा नुसता आकड्यांचा खेळ असता तर मी त्यावर इतकी शाई खर्च केली नसती. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे दर तीन मुलांत दोन मुले फिक्कट. अशा मुलाची आई जेव्हा 'मी त्याला रोज गूळ-शेंगदाणे देते' असे समाधानाने सांगते, तेव्हा त्या समाधानापायी पुढचा उपाय राहून जातो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांची गुलाबी आणि त्यावरच्यांची निळी, घरी आणून खिडकीतून टाकली जाते. जंताची गोळी 'उष्ण पडते' म्हणून चुकवली जाते. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, तेही पुढच्या महिन्यावर जाते. गूळ हे औषध आहे ही समजूत अशी खऱ्या औषधाच्या आड येते. पालेभाज्या, कडधान्ये, खात असाल तर अंडी-मटण, जेवणावर लिंबाची फोड किंवा पेरू-आवळा, आणि जेवणाला लागून चहा नाही, हे केले तर अन्नातले लोह अंगी लागते. लाडवाने हे होत नाही.

तिळाचेही असेच. शंभर ग्रॅम बिनसडीच्या तिळात हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते, हा आकडा वाचून लोक हरखतात. पण त्यातले बरेचसे टरफलात आणि शरीराला सहज न घेता येणाऱ्या रूपात असते. पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात तर ते आणखी कमी. तीळ खावेत, चवीने खावेत, पण दुधाचा पेला बंद करून नव्हे.

घरातल्या मोठ्यांसाठीही एक शब्द. मधुमेह असलेले आजोबा साखरेचा चहा सोडतात आणि 'हा गुळाचा आहे' म्हणून चार लाडू खातात. गुळाने रक्तातली साखर जवळजवळ साखरेसारखीच वाढते. खजुराच्या लाडवांना हल्ली 'बिनसाखरेचे' म्हणून विकतात. सुक्या खजुराचा साठ टक्क्यांहून अधिक भाग साखरच असतो. त्यात तंतू आहेत, म्हणून तो साखरेपेक्षा बरा, इतकेच. पण मधुमेही माणसाने तो 'मोकळा' समजून खाऊ नये.

किती आणि केव्हा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, पाच टक्क्यांच्या आत आली तर अधिक चांगले. मधही यात धरला आहे आणि वरून घातलेला गूळही अर्थात आलाच. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात असे धरले तर वरची मर्यादा सुमारे ४० ग्रॅम आणि चांगली मर्यादा २० ग्रॅम येते. आता पाहा. सकाळच्या दुधात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. त्यासोबत चार ग्लुकोज बिस्किटे, त्यात पाचेक ग्रॅम. संध्याकाळच्या चहात पुन्हा पाच ग्रॅम. खाऊला सुरुवात होण्याआधीच २० ग्रॅम संपले. म्हणून शाळकरी मुलाला दिवसाला दोन लाडू पुरेत, आणि लाडवाच्या दिवशी दुधातली साखर काढावी. दूध नुसते आवडत नाही अशी तक्रार पहिले चार-पाच दिवस येते, मग थांबते.

किती खाल्ले याइतकेच केव्हा खाल्ले हेही दातांसाठी महत्त्वाचे आहे. स्वीडनमधल्या लुंड शहरी व्हिपेहोल्म नावाच्या रुग्णालयात १९४० च्या दशकात एक प्रयोग झाला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या तिथल्या रहिवाशांना, त्यांची संमती न घेता, चिकट टॉफ्या खायला घालून दात किडतात का ते पाहिले गेले. माणसांना असे वापरणे निंद्यच होते आणि आज ते कोणी करू धजणार नाही. त्या बिचाऱ्यांच्या दातांची किंमत देऊन कळले ते असे, की तीच साखर जेवणासोबत घेतली तर कीड फारशी वाढत नाही. चिकट गोड दोन जेवणांच्या मध्ये पुन्हा पुन्हा खाल्ले की ती झपाट्याने वाढते. गोड तोंडात गेले की दातांवरचे जंतू आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निवळायला अर्धा तास, कधी अधिक लागतो. मूल दर तासाला एक गोळी चघळत असेल तर लाळेला सवडच मिळत नाही. यानंतर स्वीडनमध्ये मुलांना गोड आठवड्यातून एकदाच, शनिवारी, देण्याची शिफारस झाली आणि तिथल्या घरांत ती रुळली.

आपल्याकडे हे नवे नाही. आठवडी बाजाराच्या दिवशीच शेव-रेवडीचा पुडा घरात येत असे आणि बाकीचे सहा दिवस मुले त्याची वाट पाहत. आता गल्लीच्या प्रत्येक दुकानात रोजच बाजार आहे, म्हणून तो नियम आपोआप मोडला. तो पुन्हा लावता येईल. विकतची गोळी बाजाराच्या दिवशी. घरचा लाडू दुपारच्या जेवणाच्या शेवटी किंवा शाळेच्या डब्यात पोळी-भाजीनंतर, आणि वर खळखळून चूळ. बिनपाकाचा लाडू तोंडात भुगा होऊन लवकर उतरतो, चिक्कीसारखा दाढेत रुतून बसत नाही, ही त्याची आणखी एक जमेची बाजू. झोपताना मात्र दात घासल्यावर काहीही नाही, देवाचा प्रसादही सकाळी.

अगदी लहान मुलांबाबत दोन गोष्टी विसरू नयेत. पाच वर्षांखालील मुलाला अख्खा शेंगदाणा, फुटाणा देऊ नये. हसता-खेळता तो श्वासनलिकेत जातो आणि जिवावर बेतते. त्यांच्यासाठी कूट बारीक करावा आणि लाडू गोल न वळता पेढ्यासारखा चपटा करून, मोडून, समोर बसवून द्यावा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोट चाटवू नये, मधातून येणाऱ्या जंतूंमुळे त्या वयात स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. दाण्याची ॲलर्जी असलेली मुलेही असतात. वर्गात वाटायचे असेल तर आधी बाईंना विचारावे.

घरचे म्हणजे चांगले, या भ्रमातून अलीकडे एक नवीच मिठाई स्वयंपाकघरात शिरली आहे. बिस्किटांचा चुरा, कोको पावडर आणि डब्यातले घट्ट गोड दूध कालवून केलेले गोळे. किंवा चॉकलेटची तयार लादी वितळवून साच्यात घालून केलेली 'घरगुती चॉकलेटे'. गावोगावी याचे वर्गही चालतात. हात घरचे असले तरी माल कारखान्याचा असतो. डब्यातल्या त्या दुधात निम्म्याच्या आसपास साखर असते, आणि स्वस्त लादीत कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती चरबी असते. १ जानेवारी २०२२ पासून अशा चरबीतल्या ट्रान्स फॅटवर आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आहे, हे चांगले झाले. पण मर्यादा घातल्याने ती लादी पौष्टिक होत नाही. वाढदिवसाला करा, मजा घ्या, पण तिला डब्यातल्या रोजच्या खाऊची जागा देऊ नका.

'घरीच करा' म्हणणाऱ्या लेखांवर एक रास्त आक्षेप आहे. सल्ला वर्तमानपत्राचा आणि काम बाईच्या माथी. सकाळी डबे, दिवसभर नोकरी किंवा शेत, रात्री भांडी, त्यात आता लाडू! हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी चिक्कीची किंवा पाकातल्या लाडवांची भलामण करत नाही. भाजलेले दाणे हाताशी असले तर तीस लाडू अर्ध्या तासात होतात. दाणे सोलणे आणि पाखडणे सहा वर्षांच्या मुलाला येते. गूळ किसण्याचे काम घरातल्या पुरुषाने करावे, त्याला फार अक्कल लागत नाही. मुलगा असो की मुलगी, दहा वर्षांचे मूल हे लाडू एकट्याने वळू शकते, आणि स्वतः वळलेला लाडू मोजून खायला मुले फार कुरकूर करत नाहीत. किती केले, किती उरले, कोणाच्या वाट्याला किती, याचा चोख हिशेब तीच ठेवतात. आईने खळ्यात दाणे सांडल्याबद्दल रागावू नये, एवढीच अट.

एका वेळी आठ-दहा दिवसांपुरतेच करावेत. कुटाचे तेल हवेने खवट होते, खवट लाडू 'वाया जाऊ नये' म्हणून मुलांना देऊ नये. डबा स्टीलचा, कोरडा, घट्ट झाकणाचा असावा. ओल्या नारळाची वडी मात्र त्याच दिवशी संपवावी.

आणि लाडू शाळेत द्यायचे तर छोट्या डबीत द्यावेत. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळू नयेत. छपाईच्या शाईतले रंग आणि शिसे तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ साली याबाबत पुन्हा ताकीद दिली आहे. हा अंकही त्याला अपवाद नाही.